तुलनेचा तारा

९ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय. आमच्या घरच्या पाकिटातून पाठवलं असतं तर आईने फोडलं असतं, बाबांनी मोठ्याने वाचलं असतं आणि सल्ला शेजारच्यांनी दिला असता. फोनवर तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही. तुझ्या डोळ्याला भिंग असतं, हातात चिमटा असतो आणि मी जीव तोडून काही सांगत असले की तू म्हणतेस, "हं, सापडला स्क्रू."

तर बातमी. खगोलशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणून मी अर्ज केले होते. बाबांना न सांगता. सात ठिकाणी केले, पाच जणांनी गोड शब्दांत वाटेला लावलं, दोघांनी बोलावलंय.

पहिली संस्था मोठी. डोंगरावर दुर्बीण, नावाजलेले सर, त्यांच्या हाताखाली चौदा विद्यार्थी. दुसरी म्हणजे एका विद्यापीठाचा लहानसा विभाग. दुर्बीण जुनी, मॅडम कुणी नावही न ऐकलेल्या, विद्यार्थी तीन. कुणीही शहाणा माणूस मोठी संस्था घेईल, असं वर्गातले सगळे म्हणतात. मग माझं मन का होत नाही कोण जाणे.

आणि तिसरी वाट बाबांची. त्यांच्या ओळखीच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा आहे, जूनपासून. मला बोलावल्याचं कळल्यावर काल फोनवर त्यांनी हुकमाचं पान टाकलं: "तुझ्या आत्याचं वय झालं. एकटी राहते, एकटी दुकान चालवते. तू पाच-सहा वर्षं गायब झालीस तर तिच्याकडे कोण बघणार?" आत्या, लहानपणापासून मी कुठलीही गोष्ट तुला विचारून करते. तू सांग. मार्चअखेरीला कळवायचंय.

तुझी,
टकळी

२० फेब्रुवारी

टकळे,

आशीर्वाद आहेतच, कामाचं बोलू.

आधी तुझ्या बापाचं. तो माझा धाकटा भाऊ. त्याला चालायला मी शिकवलं आणि आता तो माझं वय काढतो! मी ठणठणीत आहे. माझ्याकडे बघायला कुणी लागत नाही, उलट मलाच चार जणांकडे बघावं लागतं. त्याला सांग, आत्याच्या नावावर पावती फाडू नकोस. आत्या तुझ्या आड येत नाही आणि कुणाला तिला आड आणूही देणार नाही.

आता तुझं. मी घड्याळाचं काम शिकायला निघाले तेव्हा मलाही दोन उस्ताद मिळत होते. एकाच्या दुकानाला नाव होतं. मी गेले, पण उस्तादांशी बोललेच नाही. शिकणाऱ्यांची टेबलं बघितली. लखलखीत होती. चार वर्षं तिथे असलेला एक जण घड्याळाचा पट्टा बदलत होता. विचारलं, आत काय असतं रे? तर म्हणाला, उस्ताद फार मोठे आहेत. दुसऱ्या दुकानात सगळा पसारा. पण दुसऱ्या वर्षाची एक मुलगी घड्याळ उघडून बसली होती आणि मला म्हणाली, "बघ, हे चाक मी काल मोडलं, आज नवीन बसवतेय." मी तिथेच शिकले.

तेव्हा सर कसे आहेत आणि मॅडम कशा आहेत हे सरांना-मॅडमना विचारू नकोस. हाताखालच्यांना गाठ. त्यांना एवढंच विचार, तुम्ही सध्या काय करताय आणि शेवटची चूक कुठली केलीत. बाकी तुझं तुला कळेल. अक्कल आहे तुला, फक्त ती तोंडापेक्षा सावकाश चालते.

आत्या

३ एप्रिल

आत्या,

तुझा प्रश्न घेऊन गेले दोन्हीकडे.

मोठ्या संस्थेत पाच जण भेटले. पाचही जणांनी सरांबद्दल सांगितलं. सर कुठे भाषणाला गेले, सरांना काय मिळालं. "आणि तुम्ही?" म्हटलं की एकमेकांकडे बघायचे. चुकीबद्दल विचारल्यावर तर एक जण चक्क उठून चहा आणायला गेला, तो आलाच नाही.

लहान विभागात एक सीनियर आहे, चौथ्या वर्षाची. खोलीत भिंतभर तक्ते, खुर्चीवर पुस्तकं, मी उभीच. तिने तासभर फक्त स्वतःची चूक सांगितली. आठ महिने ती ज्याला तारा समजून मोजत होती तो कॅमेऱ्यावरचा डाग निघाला! सांगताना हसत होती. मॅडम मधे येऊन म्हणाल्या, "अगं, तो माझ्याही लक्षात आला नव्हता." आत्या, मी तिथेच ठरवलं.

बाबांना सांगितलं. तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाले, "तिकडे थंडी असेल, स्वेटर घे." म्हणजे झालं! आईने दोन घेतले.

मी जूनमध्ये जाते. तू खरंच ठणठणीत आहेस ना? तुझे बारीक स्क्रू उचलायला आता कोण?

टकळी

२ सप्टेंबर

टकळे,

खरंच ठणठणीत आहे, पुन्हा विचारू नकोस. स्क्रूंचं म्हणशील तर हल्ली मनगटी घड्याळं मी कमी केलीत. भिंतीवरची घेते. मोठ्या घड्याळाची ऐटच वेगळी, एकेक चाक हातात घेतल्यासारखं वाटतं. आयुष्यभर मुंगीची नाडी बघितली, आता जरा हत्तीची बघते.

तुझी खोली, घरमालकीण, पाण्याची वेळ, सगळं वाचलं. पाणी सुटलं की घरमालकीणबाई दारात चिठ्ठी लावतात हे मला आवडलं. बोलून शब्द वाया घालवत नाहीत. त्यांच्याकडून शीक.

अभ्यास जड जातो म्हणतेस. जाऊ दे. पहिलं वर्षभर मला घड्याळ उघडता यायचं, मिटता यायचं नाही. घरी जाताना खिशात दोन चाकं जास्तीची असायची. पण तुझ्या मॅडम तुझं ऐकून घेतात का, तेवढं सांग. ऐकून घेत असतील तर बाकी सगळं होतं.

टपालकचेरीतला माणूस म्हणाला, पाकीट जड झालंय, एक तिकीट आणखी लावा. लावलं.

आत्या

१४ नोव्हेंबर

आत्या, आत्या, आत्या!

बस आधी. काहीतरी सापडलंय!

तुला समजेल असं सांगते. एखाद्या ताऱ्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे मी बघते. पण नुसता उजेड मोजून भागत नाही. हवेत धूळ असते, पातळ ढग असतात, त्यांनी सगळंच मंद दिसतं. म्हणून त्याच चित्रातला शेजारचा एक स्थिर तारा धरायचा आणि आपला तारा त्याच्याशी ताडून बघायचा. त्याला तुलनेचा तारा म्हणतात. ढग आला तर दोघेही सारखेच मंद होतात, फरक पडत नाही. फरक पडला तर तो आपल्या ताऱ्याचा.

आणि पडतोय! दर नऊ दिवसांनी माझा तारा थोडा मंद होतो आणि पुन्हा वर येतो. पाच वेळा झालं. मार्चमध्ये पहिल्या वर्षाची समिती बसते. तीन प्राध्यापक ठरवतात, हिला पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं. माझा विषय आता पक्का. मॅडम जास्त बोलत नाहीत, पण म्हणाल्या, "छान. तपासत राहा." हो, ऐकून घेतात, अगदी शेवटपर्यंत.

तुझं मागचं पत्र सात पानी! पूर्वी दोन पानांत आटपायचीस. कबूल कर, माझ्यावाचून करमत नाही तुला.

टकळी

२६ नोव्हेंबर

टकळे,

करमत नाही, कबूल. डोक्यावर चढू नकोस.

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतलं. त्या घड्याळ घ्यायला आल्या होत्या, म्हटलं, वाचा, तुम्हालाही कळू दे आमची पोरगी काय करते. त्यांनी दोनदा वाचलं. मी दोन्ही वेळा नवीन ऐकल्यासारखं ऐकलं. फार अभिमान वाटला गं.

मॅडम तपासत राहा म्हणाल्या आहेत, तर तपासत राहा. छान म्हटलेलं लक्षात ठेवायचं आणि तपास म्हटलेलं विसरायचं, ही तुझी जुनी खोड.

आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

सगळं मुसळ केरात.

सीनियरने काल सहज विचारलं, "तुझा तुलनेचा तारा तू कुणाशी ताडून बघितलास?" मी म्हटलं, तो स्थिरच आहे, आमच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या वहीत तसं लिहिलंय. तिने ती वही माझ्यापुढे सरकवली.

मग मी बसले. त्याच चित्रातले आणखी तीन तारे घेतले आणि त्यांनाही त्याच तुलनेच्या ताऱ्याशी ताडलं. तिघेही दर नऊ दिवसांनी मंद! माझ्या ताऱ्याच्याच दिवशी, तेवढेच. चार जण ठरवून एकाच वेळी मंद होतील का? माझा तारा जागच्या जागी आहे, आत्या. वर-खाली होतोय तो तुलनेचा तारा. तो उजळला की बाकी सगळे मंद वाटतात. ज्याच्यावर आंधळेपणाने विश्वास टाकला तोच हलत होता आणि मी चार महिने दुसऱ्याच्या नावाने बोंब मारत होते.

समिती एकवीस दिवसांवर आली. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय छापून झालाय. मॅडम आठवडाभर बाहेर आहेत. सीनियर कुणाला सांगणार नाही, ती म्हणाली हे तुझं तू बघ. खोटं नाही बोलत, काल माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. समितीतलं कुणी वहीतला तारा तपासायला जाणार नाही. ठेवून घेतील, मग पुढे हळूच दुरुस्त करता येईल. आणि सांगितलं तर माझ्याकडे दाखवायला उरतं काय? शाळेतली ती जागा भरली का, जरा बाबांना न कळता विचारशील?

टकळी

१७ फेब्रुवारी

टकळे,

शाळेतली जागा भरली की नाही ते मी विचारणार नाही. तू पण विचारू नकोस.

एक गोष्ट सांगते. तुझ्या बापालाही नीटशी माहीत नाही. दुकान काढून मला तीन वर्षं झाली होती. काचेत एक मोठं घड्याळ होतं. दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ मी त्यावर लावून द्यायची. अख्खी गल्ली येता-जाता त्यावर आपली घड्याळं लावायची. एक दिवस पोस्टमन आला आणि म्हणाला, "बाई, मी सगळीकडे वेळेवर असतो, तुमच्या गल्लीत तेवढे लोक म्हणतात आज लवकर आलात. असं कसं?"

अकरा मिनिटं मागे होतं. दुसऱ्यांची घड्याळं साफ करण्याच्या नादात त्याला दोन वर्षं तेल घालायचं राहिलं होतं. माझ्याही मनात आलं, काटा हळूच पुढे सरकवावा. कुणाला कळणार होतं? पण मग बाहेर गेलेल्या पन्नास-साठ घड्याळांचं काय? ती माझ्या नावाने खोटं बोलत फिरणार.

मी पाटी लावली. ठळक अक्षरात. "या दुकानातलं मोठं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. चूक माझी आहे. इथे लावलेली घड्याळं परत आणावीत." पहिल्या दिवशी कुणी आलं नाही, मला वाटलं दुकान बुडालं. दुसऱ्या दिवशी रांग लागली. काही बोलले, काही हसले. पण त्यानंतर घड्याळं वाढली, कमी झाली नाहीत. बाई सांगते, असं लोक म्हणायला लागले.

दुकानात तीन मोठी घड्याळं का आहेत, हे तू इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस. दोघांचं पटेनासं झालं की तिसरं निवाडा करतं. म्हणून आहेत.

जा आणि पाटी लाव. मॅडम येईपर्यंत थांबू नकोस, त्यांना लिही.

आत्या

९ मार्च

आत्या,

लावली पाटी!

मॅडमना त्याच दिवशी लिहिलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "चारही ताऱ्यांचे तक्ते घेऊन समितीसमोर ये." समितीत माझं पहिलं वाक्य होतं, "कार्यक्रमपत्रिकेत छापलेला माझा निष्कर्ष चुकीचा आहे." आवाज खणखणीत लागला. मधल्या प्राध्यापकांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, वहीचं, आंधळ्या विश्वासाचं, तीन नव्या ताऱ्यांचं. ते म्हणाले, "मग तुमच्याकडे राहिलं काय?" मी म्हटलं, "तुलनेचा तारा राहिला, सर. तो बदलतो आणि आम्ही शोधलं तिथे कुठे त्याची नोंद नाही."

अर्धा तास बाहेर बसवलं. मग बोलावून सांगितलं की मला ठेवलंय आणि माझा विषय आता तोच तारा! मॅडम बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चूक केली म्हणून नाही, स्वतः पकडली म्हणून ठेवलं." मी विभागाच्या जिन्यात बसून रडले आणि मग दोन बशा भरून खाल्लं.

आता तुझं. नीट वाच. म्हणजे, वाचून घे.

परवा आनंदात तुझी पत्रं काढून बसले. मधल्या दोन चिठ्ठ्या धरून सहा आहेत. तुझी दुकानातली वही तीच, कागद तोच. पहिल्या पत्रात एका पानावर सत्तावीस ओळी आहेत. मग चोवीस, एकवीस, सतरा, तेरा. पाटीच्या गोष्टीचं पत्र अकरा पानी आहे आणि पानावर नऊ ओळी आहेत. पाकिटं जाड झाली, पण बोलणं तेवढंच होतं. मला वाटलं, तुला करमत नाही. अक्षर मोठं होत होतं, आत्या.

या वेळी ताडूनही बघितलं. आईची पत्रं घेतली, वर्षभर बावीसच्या बावीस ओळी. घरमालकीणबाईंच्या पाण्याच्या चिठ्ठ्या घेतल्या, अक्षर तसंच्या तसं. बदललीस ती तू. मनगटी घड्याळं सोडलीस. माझं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतलंस, तेही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून. आणि मी मात्र जन्मभर सगळं तुझ्याशी ताडत आले, तू आहेस तशीच आहेस असं धरून. मला माझीच लाज वाटते.

डोळे ना? खरं सांग. मी मॅडमना एक सत्र सुट्टी मागणार आहे. येते.

टकळी

१६ मार्च

टकळे,

पकडलंस. आता लपवून काय करू? हे पान नऊ ओळींचंच आहे.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, भिंगाच्या डोळ्यात जास्त. गेल्या वर्षी तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लवकर करून घ्या. मीच टाळलं. ऑपरेशन म्हणजे घरी सांगणं आलं आणि तुझ्या बापाच्या हातात मी स्वतःहून हुकमाचं पान कसं देऊ? केसाएवढी स्प्रिंग दिसेनाशी झाली तेव्हा भीती वाटली. खोटं कशाला बोलू, रडलेसुद्धा. पण तू सगळं सोडून परत येशील, याची भीती त्याहून मोठी होती.

चुकलंच माझं. तुला पाटी लाव म्हणून अकरा पानं लिहिली आणि स्वतःची लावली नाही. काल लावली. तुझ्या बापाला बोलावून सांगितलं. आधी चिडला, मग म्हणाला, "ताई, मी तुझं वय उगाच काढत होतो. खरं काय ते विचारलं कधी नाही." तारीख त्यानेच घेतली, पाच एप्रिल. तुझ्या आईने माझ्या कपड्यांची पिशवी आत्तापासून भरून ठेवलीय.

सत्र-बित्र काही सोडायचं नाही. मॅडमना आठ दिवस माग. यायच्या आधी परतीचं तिकीट काढ आणि त्यावरचा सीटचा नंबर मला लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. नंबर आला नाही तर मी ऑपरेशन टेबलावर चढणार नाही. मी बोलते तसं करते, तुला माहीत आहे.

आत्या

२२ मार्च

आत्या,

हे घे. यायचं ४ एप्रिल. परतीचं १२ एप्रिल, सीट २३. अर्धं पान भरून लिहिलंय, भिंग न लावता दिसेल. चढ टेबलावर!

टकळी

३० मे

टकळे,

तू परत गेल्यावर दुसराही डोळा झाला. नवा चष्मा काल आला. पहिल्यांदा दुकान नीट बघितलं आणि मान खाली घातली. एवढी धूळ! गिऱ्हाइकं काय म्हणत असतील! दोन दिवस नुसतं पुसत होते. तिन्ही मोठ्या घड्याळांना तेल घातलं, त्यांचं एकमेकांशी पटतंय.

तुझा बाप रोज संध्याकाळी येऊन बसतो. कामाला मदत शून्य. पण दारात आलेल्या प्रत्येकाला सांगतो, "आमच्या मुलीने एक बदलणारा तारा पकडलाय, आधी कुणाला माहीत नव्हता." काल पोस्टमनने विचारलं, म्हणजे नक्की काय केलं तिने? तर त्याला खडूने फरशीवर चार तारे काढून समजावलं. बरोबर समजावलं!

आज सकाळी एक मनगटी घड्याळ उघडलं. बायकांचं, अगदी नखाएवढं. स्प्रिंग दिसली. किती वेळ तशीच बघत बसले. मग मिटलं आणि चालू लागलं.

पत्र एका पानातच संपवतेय. या पानावरच्या ओळी मोज आणि तुझ्या तक्त्यात टिंब टाक. माझ्या मोजणीत सत्तावीस आल्या. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आणखी दोघांकडून मोजून घे.

आत्या